पक्षकाराचा पैसा वेगळा कसा ठेवावा: वकिलाच्या कार्यालयासाठी टॅलीतली मांडणी

शनिवारी संध्याकाळी हिशेबाला बसलं की बहुतेक वकील आधी मोबाइलवर बँकेची शिल्लक बघतात. आकडा दिसतो ५,८६,२०० रुपये. हा आकडा एवढंच सांगतो की पैसा तुमच्या ताब्यात आहे. तो कुणाचा आहे, हे बँकेला माहीतच नसतं. त्यात कुणाच्या दस्ताचं मुद्रांक शुल्क असतं, कुणाची कोर्ट फी असते, कुणाच्या तडजोडीची रक्कम असते आणि थोडी रक्कम तुमचीही असते. हा पैसा कुणाचा किती, हे सांगण्याचं काम खातेवहीचं. ती नीट मांडली नसेल तर दोन बँक खाती उघडूनही उपयोग होत नाही.

हा लेख एकट्याने किंवा दोन-चार सहकाऱ्यांसह वकिली करणाऱ्यांसाठी आणि त्यांचे हिशेब लिहिणाऱ्यांसाठी आहे. सॉफ्टवेअर टॅलीप्राइम धरलं आहे, कारण आपल्याकडच्या हिशेबनिसाला तेच हाताशी असतं.

नियम काय म्हणतो

अमेरिकेत पक्षकारांच्या पैशासाठी स्वतंत्र ट्रस्ट खातं ठेवावंच लागतं. लहान किंवा थोड्या काळासाठी आलेल्या रकमा तिथे ‘आयोल्टा’ या सामाईक खात्यात जातात आणि त्यावरचं व्याज कायदेविषयक मदतीच्या कामाला मिळतं. ही पद्धत १९८१ मध्ये फ्लोरिडात सुरू झाली. आपल्याकडे त्या स्वरूपाचं खातं नाही. म्हणून काही वकील मित्र म्हणतात की आपल्याला असं बंधनच नाही. ते बरोबर नाही.

ॲडव्होकेट्स ॲक्ट, १९६१ खाली बार कौन्सिल ऑफ इंडियाने जे नियम केले, त्यांच्या सहाव्या भागात वकिलाच्या वर्तनाचे नियम आहेत. त्यातले २५ ते ३२ हे हिशेब लिहिणाऱ्याने छापून टेबलावर ठेवावेत. नियम २५ म्हणतो की पक्षकाराकडून किंवा त्याच्या वतीने आलेली रक्कम, त्याच्यासाठी केलेला खर्च आणि फीपोटी वळती केलेली रक्कम यांचा तारीखवार हिशेब ठेवा. नियम २६ मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. रक्कम फीसाठी आली की खर्चासाठी, हे नोंदीतच दिसलं पाहिजे आणि काम चालू असताना खर्चाचा पैसा फीकडे वळवायचा तर पक्षकाराची लेखी संमती हवी. नियम २७ प्रमाणे त्याच्या वतीने रक्कम आली की शक्य तितक्या लवकर त्याला कळवायचं. नियम ३० प्रमाणे त्याने मागितली तर त्याच्या खात्याची प्रत नकलेचा खर्च घेऊन द्यायची. हातातल्या पक्षकाराच्या पैशाचं कर्जात रूपांतर करायचं नाही (३१), आणि आपण चालवत असलेल्या कामासाठी पक्षकाराला उसने पैसे द्यायचे नाहीत (३२). याबाबतची तक्रार राज्य बार कौन्सिलकडे, म्हणजे आपल्यासाठी महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे, जाते. कलम ३५ खाली शिस्तपालन समिती ताकीद देऊ शकते, सनद काही काळ स्थगित करू शकते किंवा यादीतून नाव कमी करू शकते.

यातला एकही नियम ‘वेगळं बँक खातं उघडा’ असं म्हणत नाही. सगळे नियम हिशेबाबद्दल बोलतात. तरीही वेगळं खातं उघडाच, आणि तेच पहिलं काम.

बँक खातं

चालू खातं घ्या. बचत खात्यावर व्याज येतं आणि मग ते कुणाचं, हा नवा प्रश्न उभा राहतो. शीर्षकात कार्यालयाच्या नावापुढे ‘पक्षकार खाते’ असं काही लावता येतं का, हे शाखेत विचारा. नाही लावलं तरी आपल्या वहीत ते त्याच नावाने राहील.

ज्या बँकेत तुमचं कर्ज किंवा ओव्हरड्राफ्ट आहे, तिथे हे खातं उघडू नका. करार अधिनियमाच्या कलम १७१ नुसार बँकेला ताब्यातल्या मालमत्तेवर सर्वसाधारण धारणाधिकार (थकबाकी मिळेपर्यंत ती अडवून ठेवण्याचा हक्क) असतो, आणि तुमच्या एका खात्यातली थकबाकी दुसऱ्या खात्यातून वळती करायला बँका मागेपुढे पाहत नाहीत. तिच्या लेखी दोन्ही खाती तुमचीच. (गंमत अशी की त्याच कलमात ‘उच्च न्यायालयाचे ॲटर्नी’ ही आहेत. पण फी थकली म्हणून वकिलाला पक्षकाराची कागदपत्रं अडवून ठेवता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली आर. डी. सक्सेना प्रकरणात स्पष्ट केलं.)

या खात्याला कोणताही हप्ता, विमा किंवा वीजबिल जोडू नका. माझ्या माहितीतल्या एका कार्यालयात मोटारीचा हप्ता नेमका त्याच खात्यातून गेला आणि दुसऱ्या दिवशी मुद्रांकाचं चलन भरायला पैसे कमी पडले. रक्कम लहान होती, पण पक्षकाराने नोंदणीसाठी रजा काढली होती.

बँकेचे शुल्क या खात्यातूनही कापले जातीलच. ते पक्षकाराच्या पैशातून जाऊ नयेत म्हणून सुरुवातीलाच कार्यालयाचे ५,००० रुपये त्यात टाका. त्यांची नोंद कुठे करायची ते पुढे येईल.

टॅलीत गट आणि लेजर

क्रिएटमध्ये जाऊन ‘पक्षकारांच्या रकमा’ हा नवा ग्रुप ‘करंट लायबिलिटीज’ खाली उघडा. हा पैसा तुमचं देणं आहे, म्हणून तो ताळेबंदाच्या देणी बाजूलाच दिसला पाहिजे. पुष्कळ वह्यांत तो थेट उत्पन्नात किंवा ‘संड्री डेटर्स’मध्ये (येणेकऱ्यांच्या गटात) उलट्या शिलकेने पडलेला असतो, आणि तिथे तो हरवतो.

त्याखाली तीन उपगट करा: ‘खर्च अनामत’, ‘फी आगाऊ’ आणि ‘पक्षकारांसाठी आलेल्या रकमा’. पहिले दोन नियम २६ साठी आहेत. तिसऱ्यात विरुद्ध पक्षाकडून किंवा न्यायालयातून आलेला पैसा जातो. या तिसऱ्या प्रकाराबद्दल माझं मत असं की शक्य असेल तिथे तो पैसा आपल्या खात्यात घेऊच नये. धनाकर्ष पक्षकाराच्या नावाने मागा, तडजोडीच्या कलमात त्याचाच खाते क्रमांक लिहा. घ्यावाच लागला तर याच उपगटात.

लेजर, म्हणजे वहीतलं खातं, पक्षकारागणिक उघडायचं की प्रकरणागणिक? प्रकरणागणिक. एकाच माणसाचे दोन दावे चालू असतात, एकातला पैसा दुसऱ्यात खर्च होतो आणि दोन वर्षांनी तो विचारतो, ‘त्या दाव्याचे माझे किती शिल्लक?’ उत्तर द्यायला जुनी व्हाउचरं उपसावी लागतात. लेजरचं नाव एका ठरावीक पद्धतीने ठेवा: आडनाव, प्रकरणाचा प्रकार, क्रमांक आणि साल, आणि शेवटी ‘खर्च’ किंवा ‘फी’. उदाहरणार्थ ‘आडनाव-दि-११२/२४-खर्च’ (‘दि’ म्हणजे दिवाणी). दावा दाखल होण्याआधी क्रमांक नसतो, तोवर कार्यालयाचा फाइल क्रमांक वापरा. चालू प्रकरणं दोनशेच्या पुढे गेली की लेजरची यादी अवजड होते. तेव्हा पक्षकाराचं एक लेजर ठेवून ‘बिल-बाय-बिल’ (एका लेजरात प्रत्येक संदर्भाची शिल्लक वेगळी दाखवणारी सोय) चालू करा आणि प्रकरण क्रमांक हाच बिलाचा संदर्भ द्या. त्याआधी ही कसरत नको.

‘बँक अकाउंट्स’ खाली दोन लेजर: ‘कार्यालय बँक’ आणि ‘पक्षकार बँक’. आणि ‘पक्षकारांच्या रकमा’ गटातच एक लेजर ‘कार्यालय – बँक शुल्क राखीव’. मघाचे ५,००० इथे जमा (क्रेडिट) होतील आणि बँकेने कापलेला प्रत्येक रुपया इथेच नावे (डेबिट) पडेल.

शेवटी दोन व्हाउचर प्रकार बनवा: रिसीटवरून ‘पक्षकार जमा’ आणि पेमेंटवरून ‘पक्षकार खर्च’, दोन्हींना स्वतंत्र क्रमांकमाला. आणि टॅलीची एडिट लॉगची आवृत्ती वापरा, म्हणजे कुणी कधी काय बदललं याचा माग राहतो. चुकलेलं व्हाउचर पुसू नका, उलटी नोंद करा.

रोजच्या नोंदी

पैसा आला. ‘पक्षकार जमा’ व्हाउचरमध्ये ‘पक्षकार बँक’ नावे, प्रकरणाचं लेजर जमा. नॅरेशनमध्ये (व्हाउचरखालच्या टिपणात) यूटीआर, म्हणजे बँकेचा व्यवहार क्रमांक, आणि हेतू. पावती त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर पाठवा, कळवणंही त्यातच झालं.

अडचण होते ती यूपीआयवर ५०,००० येतात आणि सोबत फक्त ‘साहेब पाठवले’ एवढाच मेसेज असतो तेव्हा. यात ३०,००० फी आणि २०,००० खर्च, असं तुमच्या मनात असतं, पण वहीत आणि पक्षकाराच्या मनातही ते असायला हवं. वकीलपत्रावर सही घेतानाच एक पानाचं पत्र करा: फी किती, कधी देय, खर्चाची अनामत किती आणि एकत्र रक्कम आली तर आधी कुठे धरायची. पावतीवर दोन ओळी छापा. टॅलीत एकाच व्हाउचरमध्ये २०,००० ‘खर्च’ लेजरला आणि ३०,००० ‘फी’ लेजरला जमा करता येतात. कार्यालयाचा यूपीआय कोड फक्त ‘पक्षकार बँक’ खात्याचाच ठेवा. मग सगळं आधी तिथेच येईल आणि फी मागाहून बाहेर जाईल. उलट मार्गाने, म्हणजे आधी स्वतःच्या खात्यात घेऊन नंतर वेगळं काढू म्हटलं, तर ते ‘नंतर’ येत नाही.

रोख रक्कम आली तर ती दुसऱ्या दिवशी बँकेत भरा. एका व्यक्तीकडून एका दिवसात दोन लाख किंवा अधिक रोख घेता येत नाही, हा आयकराचा निर्बंध पक्षकाराच्या पैशालाही डोळ्यांपुढे ठेवा.

खर्च झाला. ‘पक्षकार खर्च’ व्हाउचरमध्ये प्रकरणाचं ‘खर्च’ लेजर नावे, ‘पक्षकार बँक’ जमा. ग्रास या राज्य सरकारच्या भरणा पोर्टलवर भरलेल्या चलनाचा जीआरएन क्रमांक किंवा कोर्ट फीच्या पावतीचा क्रमांक नॅरेशनमध्ये घाला.

इथे एक चूक जवळपास प्रत्येक जुन्या वहीत सापडते. आलेले सगळे पैसे ‘वकील फी’ या उत्पन्नात आणि कोर्ट फी ‘कोर्ट फी खर्च’ या लेजरला. नफा तेवढाच दिसतो म्हणून कुणाला काही वाटत नाही. पण व्यावसायिकांसाठीच्या अंदाजित उत्पन्नाच्या योजनेत एकूण जमेच्या किमान ५० टक्के उत्पन्न धरावं लागतं. खरी फी २० लाख आणि पक्षकारांच्या खर्चाचे १५ लाख असतील, तर १० लाखांऐवजी साडेसतरा लाखांवर कर भरला जातो. शिवाय व्यावसायिक पक्षकार वकिलाच्या फीवरचा जीएसटी रिव्हर्स चार्जने स्वतः भरतो. बिलात कोर्ट फी आणि मुद्रांक फीतच मिसळले, तर त्यावरही कर लागण्याची वेळ त्याच्यावर येते. त्याच्या वतीने, त्याच्या सांगण्यावरून भरलेला खर्च बिलात वेगळा, जसाच्या तसा दाखवला की हा प्रश्न उरत नाही.

झेरॉक्स, तिकिटं, पोस्ट, नकलेचे अर्ज असे किरकोळ खर्च कारकुनाच्या हातून होतात. त्यासाठी ‘पक्षकार बँक’मधून रोख काढू नका, कारण काढलेले २,००० नेमके कुणाचे हे सांगता येत नाही. कारकुनाला उचल कार्यालयाच्या खात्यातून द्या आणि त्याच्याकडून प्रकरण क्रमांकासह चिठ्ठ्या घ्या. महिनाअखेर प्रत्येक प्रकरणाची बेरीज करून ती रक्कम त्याच्या ‘खर्च’ लेजरला नावे टाका आणि तेवढी एकरकमी ‘पक्षकार बँक’मधून ‘कार्यालय बँक’कडे आणा.

फी घेतली. आधी बिल: पक्षकाराचं ‘संड्री डेटर्स’मधलं लेजर नावे, ‘वकील फी’ जमा. मग कॉन्ट्रा (आपल्याच दोन बँक खात्यांमधली बदली), एफ ४: ‘कार्यालय बँक’ नावे, ‘पक्षकार बँक’ जमा. आणि त्याच तारखेला जर्नल (बँकेला न शिवणारी नोंद), एफ ७: ‘फी आगाऊ’मधलं लेजर नावे, डेटर, म्हणजे पक्षकाराचं ‘संड्री डेटर्स’मधलं लेजर, जमा. कॉन्ट्रा करून जर्नल विसरलं की महिनाअखेरीला नेमका तेवढाच फरक येतो. बिलाशिवाय कॉन्ट्रा करायचीच नाही, ही सवय लावून घ्या. आणि ‘खर्च’ लेजरला या टप्प्यावर हात लावायचा नाही, लेखी संमती फाइलला असल्याखेरीज.

महिनाअखेर: तीन आकडे

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. तीन आकडे जुळले पाहिजेत: बँकेच्या उताऱ्यावरची शिल्लक (न वटलेले धनादेश धरून), टॅलीतल्या ‘पक्षकार बँक’ लेजरची शिल्लक, आणि ‘पक्षकारांच्या रकमा’ गटाची एकूण जमा शिल्लक. पहिले दोन बँक रिकन्सिलिएशनमध्ये (बँकेच्या उताऱ्याशी ताळमेळ घालताना) जुळतात, ते सगळेच करतात. तिसरा ग्रुप समरीत, म्हणजे गटातल्या शिलकांच्या यादीत, दिसतो.

आणि तिसरा जुळला तरी थांबू नका. सुरुवातीचा ५,८६,२०० घ्या. फोड अशी:

दिवाणी दावा, खर्च: ८०,००० आले, ६२,३०० कोर्ट फी गेली, शिल्लक १७,७०० जमा
दस्त नोंदणी, मुद्रांकासाठी: ४,५०,००० जमा
तडजोडीची रक्कम: १,२०,००० जमा
दुसरा दावा, खर्च: १५,००० आले, २१,५०० खर्च, शिल्लक ६,५०० नावे
कार्यालय राखीव: ५,००० जमा

बेरीज ५,८६,२००. बँक ५,८६,२००. तिन्ही आकडे जुळले आणि तरीही हिशेब चुकलेला आहे. चौथ्या ओळीतल्या माणसाने न दिलेले ६,५०० खर्च झाले. कार्यालयाचे ५,००० त्यात धरले तरी उरलेले १,५०० दुसऱ्या कुणाचे तरी गेले. खात्यात पैसा भरपूर असल्यामुळे चलन अडलं नाही, आणि म्हणूनच कुणाला कळलं नाही.

म्हणून ग्रुप समरी लेजरवार उघडून बघा. उपगटाची फक्त बेरीज पाहिली तर वजा शिल्लक तिच्या पोटात लपते. डेबिट रकान्यात या गटातलं एकही लेजर दिसता कामा नये. दिसलं तर त्याच दिवशी ‘कार्यालय बँक’मधून ६,५०० कॉन्ट्राने इकडे आणा आणि जर्नल करून डेटर नावे, ‘खर्च’ लेजर जमा करा. आता तो पक्षकार तुमचं देणं लागतो, दुसऱ्या पक्षकाराचं नाही. पण ही मलमपट्टी आहे. दर महिन्याला कार्यालय असे पैसे घालू लागलं तर ते नियम ३२ च्या कडेला जातं. खर्च करण्याआधी लेजरची शिल्लक बघायची, कमी असेल तर आधी पक्षकाराला फोन. टॅली याबाबत तुम्हाला अडवणार नाही, पाहण्याचं काम माणसानेच करायचं आहे.

ताळमेळ झाला की तिन्ही कागद पीडीएफ करून महिन्याच्या फोल्डरमध्ये टाका, मुख्य वकिलाची सही घ्या. हिशेबनिसाने बनवायचं आणि वकिलाने बघायचं. दोन्ही एकाच माणसाकडे नकोत. एकट्याने वकिली करणाऱ्यांसाठी या कागदाचा आणखी एक उपयोग आहे, बोलायला जड जातं तरी सांगतो. वकील अचानक गेले की घरच्यांच्या हातात बँकेचा एक आकडा उरतो आणि दारात पक्षकार उभे राहतात. कुणाचे किती, हे त्या दिवशी हीच यादी सांगते.

पुण्यात बसून अमेरिकी वकिलांचे हिशेब लिहिणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल. तिकडे याला ‘थ्री-वे रिकन्सिलिएशन’ म्हणतात. क्विकबुक्स या तिकडच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्येही सांगाडा हाच राहतो: ट्रस्टचं वेगळं बँक खातं आणि त्यासमोर करंट लायबिलिटीत पक्षकारवार फोड. फक्त तिथे राज्यागणिक बारचे नियम कडक आहेत आणि चुकीला सूट कमी.

आधीच सगळं एकत्र झालं असेल तर

एक तारीख ठरवा, कुठल्याही महिन्याची अखेर चालेल. चालू प्रकरणांच्या फाइली काढून प्रत्येकाचं आलेलं, गेलेलं, उरलेलं कागदावर मांडा. बेरीज करा आणि तेवढी रक्कम नव्या खात्यात टाका. बँकेत तेवढी नसेल तर तो खड्डा तुमचा आहे, तो आधी भरा. मग प्रत्येक लेजरची ओपनिंग शिल्लक टाका आणि पक्षकाराला कळवा: ‘तुमचे इतके आमच्याकडे जमा आहेत.’ दोन-तीन जण वाद घालतील. आत्ताच घातलेला बरा.

काही रकमा कुणाच्या हेच कळणार नाही. नावाशिवाय आलेले यूपीआय, जुन्या कारकुनाने भरलेली रोख. त्यांना ‘ओळख पटायची बाकी’ हे लेजर याच गटात द्या. उत्पन्नात घेऊ नका.

प्रकरण संपल्यावर

निकाल लागला, नक्कल मिळाली, की लेजरचा उतारा पक्षकाराला पाठवा. ठरलेली फी बाकी असेल तर नियम २८ प्रमाणे उरलेल्या रकमेतून ती वळती करता येते. फी ठरलीच नसेल तर नियम २९: न्यायालयाच्या नियमांनुसार देय होणारी किंवा तोवर ठरलेली फी वजा करून बाकी परत. परतफेड पक्षकाराच्याच खात्यात करा, त्याच्या पुतण्याच्या नाही. मग लेजर शून्यावर येतं आणि फाइल बंद होते.

काही लेजर शून्यावर येत नाहीत. ३४० रुपये उरतात, पक्षकार गाव सोडून गेलेला असतो, फोन लागत नाही. मार्च आला की हिशेबनीस विचारतो, ‘हे किरकोळ उत्पन्नात घेऊ का?’ नाही. पत्र पाठवा, पोच किंवा परत आलेलं पाकीट फाइलला लावा, आणि ते ३४० तिथेच, त्याच्याच नावावर, पुढच्या वर्षात ओढा.